धुरकट वाटणारा पाचवा दिवस

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा आईने भिंतीवरच्या कालनिर्णयाचे आकडे उजव्या डोळ्याने एका दमात वाचले होते. पाचव्या दिवशी सकाळी 'आज जरा धुरकट वाटते' एवढेच म्हणून ती मेथी निवडायला बसली. डोळा फारसा दुखत नव्हता, म्हणून मीही दुपारपर्यंत स्वस्थ राहिले. ती चूक माझी. मग डावा डोळा झाकून तिला कालनिर्णयासमोर उभे केले, तर आकडे सोडाच, तिला माझी बोटेही मोजता येईनात; हात हललेला तेवढा कळत होता. सकाळपासूनचे सगळे काम डावा डोळाच निभावत होता.

तासाभरात रुग्णालय गाठले. डॉक्टरांना बुबुळामागे तळाशी पुवाचा पांढरट थर दिसला. हा डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोफ्थॅल्मायटिस. तो क्वचितच होतो, पण झाला तर बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, ४२० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना वेदना नव्हत्याच, दृष्टी मात्र जवळजवळ सर्वांची धूसर झाली होती, हे मला नंतर कळले. थेंबांचे औषध डोळ्याच्या मागच्या पोकळीत पुरेसे पोचत नसल्यामुळे सुईने थोडा द्रव तपासणीसाठी काढून घेऊन त्याच वेळी व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडीम ही प्रतिजैविके थेट आत टोचतात; अहवालाची वाट पाहत नाहीत. त्याच अभ्यासानुसार, ज्यांना केवळ उजेड कळतो त्यांना तातडीच्या व्हिट्रेक्टोमीचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पोकळीतला जेलीसारखा द्रव काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, स्पष्ट लाभ होतो. आईला हाताची हालचाल दिसत असल्याने इंजेक्शनावर भागले.

पहिल्या एक-दोन दिवसांतली धूसरता वेगळी असू शकते. बुबुळाला आलेली थोडी सूज थेंबांनी उतरते. जंतूंशिवाय होणारा तीव्र दाह स्टेरॉइडने आवरतो, पण तो जंतुसंसर्ग नव्हे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. डोळ्यातला दाब वाढला तर कपाळ ठणकते, उलटी होते आणि घरोघरी त्याला पित्त समजून आले-लिंबू दिले जाते. खरा उपाय दाब उतरवणारे थेंब आणि गोळ्या हा आहे.

दीड महिन्यात आईची दृष्टी बरीचशी परतली. आता ती रोज सकाळी डावा डोळा झाकून तिथी वाचते, आणि एकादशीच्या जागी द्वादशी म्हणाली की माझ्या पोटात गोळा येतो.