आजारपणात टीव्ही परत मिळाला

घानामध्ये कुमासीजवळच्या एका गावात शाळेत गणित शिकवायला व्हॉलंटियर म्हणून गेले होते तेव्हा मला मलेरिया झाला, तोही फाल्सिपॅरम, म्हणजे त्यातला सगळ्यात घातक प्रकार. बोट टोचून टेस्ट, मग आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या, 3 दिवसांत 6 डोस. या गोळ्या तेलातुपाचं काहीतरी खाऊन घेतल्या तरच नीट लागू पडतात, म्हणून ज्यांच्या घरी मी राहायचे त्या आंटी दर डोसला शेंगदाण्याचं सूप पुढे ठेवायच्या आणि वाटी रिकामी होईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. ताप उतरला पण अशक्तपणा जाम जाईना, पुस्तक धरलं तरी हात भरून यायचे, मोबाइल बघितला की डोकं ठणकायचं. शेवटी आंटींनी माझं अंथरूणच हॉलमध्ये टीव्हीसमोर टाकलं.

पुण्यात माझ्याकडे टीव्ही नव्हताच. जे बघायचं ते लॅपटॉपवर, एकटीने, हेडफोन लावून, कंटाळा आला की पुढे ढकलायचं. इथे रिमोट आंटींच्या हातात आणि हॉलमध्ये अर्धी गल्ली!

संध्याकाळी अदोम टीव्हीवर कुमकुम भाग्य लागायची, हो, आपल्या झी टीव्हीवर 2014 मध्ये सुरू झालेली तीच, पण तिथल्या ट्वी भाषेत डब केलेली. अभी आणि प्रज्ञा ट्वीत भांडतायत आणि शेजारपाजारच्या बायका प्रज्ञाची बाजू घेऊन ओरडतायत. मग प्रश्न माझ्याकडे यायचे, गळ्यातल्या त्या काळ्या मण्यांचं काय, कपाळावर लाल कशाला, लग्न एवढे दिवस कसं चालतं. पडल्या पडल्या मी उत्तरं द्यायचे आणि मला इतकं बरं वाटायचं, कारण तोपर्यंत मी त्या घरात फक्त आजारी पाहुणी होते.

पण खरं सांगायचं ते नॅशनल सायन्स अँड मॅथ्स क्विझबद्दल. 1993 पासून चालू असलेली ही हायस्कुलांची स्पर्धा, एका वेळी तीन शाळा, प्रत्येकीची दोन मुलं, आणि अख्खा देश ती आपण क्रिकेट बघतो तशी बघतो. कुमासीच्या प्रेम्पे कॉलेज आणि ओपोकू वेअर या दोन शाळा म्हणजे तर हाडवैरीच, आंटींचा भाऊ प्रेम्पेचा, समोरचे काका ओपोकू वेअरचे, त्यामुळे हॉलमध्ये सरळ दोन बाजू पडायच्या. 2006 पासून प्रश्न विचारतात डॉ. एल्सी एफा कॉफमन, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक, आणि त्यांचा आवाज आला की लहान पोरंसुद्धा गप्प. शेवटची फेरी कोड्यांची. एकेक क्लू येत जातो, पहिल्याच क्लूवर ओळखलं तर 5 मार्क, दुसऱ्यावर 4, नंतर 3. ज्यांना शाळा अर्धवट सोडावी लागली त्या आंटी पण ओठ हलवत अंदाज बांधायच्या. रसायनशास्त्राच्या प्रश्नावर माणसं सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवतायत हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि गणिताची बाई म्हणून मला खरंच भरून आलं. आपल्याकडे असं का नाही हो? मुलं तर इतकी हुशार आहेत आपली.

मध्येच लाइट गेली तरी कोणी उठायचं नाही, उत्तर काय असेल यावर अंधारात वाद चालू.

उभी राहायला लागल्यावर वर्गात दर शुक्रवारी कोड्यांची फेरी सुरू केली. पहिलं कोडं माझंच: मी तुमच्या पोटात आहे. गाडीच्या बॅटरीतही आहे. निळा लिटमस मला भेटला की लाल होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडायची नाही, ती दुसऱ्याच क्लूवर उभी राहून ओरडली, ॲसिड! तिला 4 मार्क दिले. पुढच्या शुक्रवारी ती स्वतः तीन कोडी लिहून घेऊन आली.