चाचणीत न उमटणारा थकवा
मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचे निदान होऊन फार काळ लोटलेला नसतो, चालण्यात दोष नसतो, धूसर झालेली दृष्टी बऱ्यापैकी परत आलेली असते, न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीत बोट ठेवावे असे काही सापडत नाही. आणि तरीही दुपार होईपर्यंत साधे पत्र वाचून त्याचा अर्थ लावण्याचे त्राण उरत नाही. मी स्वतः याच अवस्थेत आहे. एमएस असलेल्या सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक रुग्णांना थकवा जाणवतो, अनेकांना तोच सर्वांत त्रासदायक वाटतो आणि काहींमध्ये तो निदानाच्याही आधीपासून असतो. असे असूनही त्याची दखल सर्वांत उशिरा घेतली जाते, कारण तो बाहेरून दिसत नाही आणि एमआरआयमध्ये दिसणारे, आजाराने मेंदूत पडलेले डाग मोजूनही त्याचा अंदाज बांधता येत नाही. डागांचे प्रमाण आणि थकव्याची तीव्रता यांचा संबंध बहुतेक अभ्यासांत क्षीणच आढळला आहे.

मग हा थकवा येतो कुठून? चेतातंतूवरील मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण शाबूत असते तेव्हा संदेश एका उघड्या बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी घेत वेगाने पुढे जातो. एमएसमध्ये हे आवरण झिजले की संदेशाचा वेग मंदावतो, कधी तो वाटेतच थांबतो. परंतु सुरुवातीच्या काळात मेंदू हार मानत नाही. नेहमीच्या मार्गांवर जास्त भार टाकून किंवा एरवी त्या कामात नसलेले भाग सोबत घेऊन तो काम पूर्ण करतो. फंक्शनल एमआरआयमुळे ही धडपड प्रत्यक्ष पाहता आली. या तंत्रात रक्तातील ऑक्सिजनच्या बदलांवरून मेंदूचा कोणता भाग कधी सक्रिय आहे याचा माग काढला जातो.

2003 मध्ये संशोधक ओदुआँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातील रुग्ण आजाराच्या अगदी उंबरठ्यावर, म्हणजे पहिल्याच झटक्यानंतरच्या टप्प्यात होते. त्यांना दिलेल्या चाचणीत ठरावीक अंतराने एकेक अंक कानावर पडतो आणि प्रत्येक नवा अंक लगेच आधीच्या अंकात मिळवून बेरीज सांगायची असते. निरोगी व्यक्तींइतकेच गुण मिळवणाऱ्या रुग्णांच्याही मेंदूत, विशेषतः कपाळामागच्या भागात, अधिक सक्रियता दिसली.

त्यापुढची पायरी 2008 मध्ये संशोधक जॉन डेलुका यांच्या गटाने गाठली. त्यांनी एकाच प्रकारचे काम पुन्हा पुन्हा करायला लावून वेळेनुसार काय घडते ते पाहिले. निरोगी व्यक्तींच्या मेंदूला कामाचा सराव होत गेला, तशी त्यांच्यातील सक्रियता उतरत गेली. एमएस असलेल्यांमध्ये मात्र मेंदूत खोलवर असलेली बेसल गँग्लिया व थॅलॅमस ही केंद्रे आणि कपाळामागचे अग्रखंड यांसह अनेक भागांतील सक्रियता चढत गेली. उत्तरांच्या अचूकतेत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्याच परिच्छेदावर थांबलो होतो. सरावाने काम हलके व्हावे ही अपेक्षाच आमच्या बाबतीत लागू पडत नसेल, तर "सवय झाली की जमेल" हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला तरी तो चुकीच्या गृहीतकावर उभा आहे.

बेसल गँग्लियाचा उल्लेख इथे योगायोगाने आलेला नाही. कोणत्या कामासाठी किती कष्ट घ्यायचे आणि ते कष्ट कारणी लागतील का, हे ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. 1997 मध्येच पेट स्कॅनच्या, म्हणजे मेंदूचा ऊर्जावापर मोजणाऱ्या तंत्राच्या, एका अभ्यासात, थकवा असलेल्या एमएस रुग्णांच्या अग्रखंडात आणि बेसल गँग्लियात ग्लुकोजचा वापर घटलेला आढळला होता. एका तंत्रात वाढलेली सक्रियता आणि दुसऱ्यात घटलेला वापर हे परस्परविरोधी वाटेल. पण एक मापन काम चालू असतानाच्या बदलाचे आहे आणि दुसरे एकंदर ऊर्जावापराचे, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. शिवाय हे निष्कर्ष लहान गटांच्या सरासरीवर आधारलेले आहेत. एखाद्याचा स्कॅन पाहून "याला इतका थकवा आहे" असे सांगता येत नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

औषधांच्या बाबतीत चित्र निराशाजनक आहे. अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तीन औषधे थकव्यासाठी वर्षानुवर्षे लिहून दिली जात असताना, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांपैकी एकही औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी घटक नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरले नाही. नियमित व्यायाम, विचार-वर्तन उपचार आणि दिवसातील शक्तीचे नियोजन यांच्या बाजूने अधिक पुरावा आहे. अपुरी झोप, नैराश्य, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार आणि चालू औषधांचे दुष्परिणाम हे मात्र आधी तपासलेच पाहिजेत, कारण त्यांवर उपाय आहेत.

माझी मागणी आकलनशक्तीच्या तपासणीबद्दल आहे. ही चाचणी बहुधा सकाळी, विश्रांतीनंतर आणि काही मिनिटांपुरतीच घेतली जाते, आणि मग केवळ गुण नोंदवले जातात. तीच चाचणी दीर्घ बौद्धिक कामानंतर पुन्हा घ्यावी, उत्तरांसोबत प्रतिसादाला लागलेला वेळ लिहावा आणि त्या क्षणी रुग्णाला किती थकवा वाटतो हेही त्याच कागदावर नोंदवावे. पुढच्या तपासणीच्या वेळी मी माझ्या डॉक्टरांकडे हीच विनंती करणार आहे.