३० बाय ४०ची पिशवी, तिला खणाचा पट्टा

जपानमध्ये मूल बालवाडीत घालायचं तर आधी घरात शिवणकाम सुरू होतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. व्हिसा, वॉर्ड ऑफिस, कोणत्या वारी कुठला कचरा, सगळं इथल्या मराठी ग्रुपवर मिळतं. पण प्रवेशाच्या मीटिंगला एक कागद हातात देतात, त्यावर पिशव्यांची चित्रं, प्रत्येक पिशवीला बाण काढून सेंटीमीटर लिहिलेले. पुस्तकांची पिशवी ३० बाय ४०. तिचे बंद एवढेच लांब की लेकराच्या हातात पिशवी जमिनीला घासू नये. बुटांची वेगळी. डब्याची नाडीची पिशवी, पेल्याची त्याहून छोटी नाडीची पिशवी, कपड्यांची अजून एक. आणि खाली एक ओळ, शक्यतो घरी शिवलेलं असावं.

मला आधी राग आला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही हे स्पष्टच सांगते. कारण मीटिंगमधलं सगळं बोलणं आयांकडे बघून चाललं होतं. बाबा लोक मागच्या खुर्च्यांवर. घरी आल्यावर नवऱ्याला कागद दाखवला तर म्हणाला ऑनलाइन मागवू की, आणि खरंच मिळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शंभर येनच्या दुकानापासून मोठ्या स्टोअरपर्यंत सगळीकडे या पिशव्यांचा वेगळा कोपरा लागतो, माप दिलं की शिवून घरपोच देणाऱ्या बायका आहेत, आणि जपानी आयासुद्धा या प्रकाराला वैतागलेल्या असतात, नोकरी करणाऱ्या तर जास्तच. म्हणजे शिवलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती.

तरी मी शिवलं. मला येतं म्हणून शिवलं. साताऱ्याला आईच्या उषा मशीनवर मी शाळेत असतानाच परकर शिवायचे, फ्रॉकला झालर लावायचे, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड. मग दहावी आली आणि आपल्याकडे दहावीला चित्रकलेच्या वहीचं जे होतं ते माझ्याही वहीचं झालं. मग इंजिनिअरिंग, मग पुण्यातली नोकरी, मग लग्न आणि हे टोकियो. डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढली तरी आठवड्याला २८ तासच काम करता येतं. फोनवर काकू-मावशी विचारतात, सध्या काय करतेस गं? तर मी हे करते. चित्रं काढते, शिवते. हे वेळ घालवणं नाहीये, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांनी एकदा ३० बाय ४०ची अस्तर लावलेली पिशवी कोपरे टोकदार ठेवून शिवून बघावी.

आईचं मशीन इथे आणायचा विचार होता पण मोटर २३० व्होल्टची आणि इथे घरात १०० व्होल्ट, ते काही जमत नाही. सेकंडहँड दुकानातून जानोमेचं साधं मशीन घेतलं, तेच जानोमे जे आपल्याकडे उषाच्या नावासोबत येतं. खाली जाड मॅट, कारण भिंती पातळ, आणि रात्री उशिरा मशीन नाही.

कापडासाठी निप्पोरीला गेले. स्टेशनबाहेरून कापडाच्या दुकानांची रांग सुरू होते ती जवळजवळ किलोमीटरभर. दारात स्वस्तातले तागे, मीटरवर भाव लिहिलेला, घासाघीस नाही. आत बटणांचं वेगळं दुकान, लेसचं वेगळं, फक्त चामड्याचं वेगळं. लक्ष्मी रोड आणि बोहरी आळी एकाच रस्त्यावर आणून ठेवल्यासारखं, फक्त कोणी ताई या ना आत म्हणत नाही. मला ते म्हणणारे लागतात, खरं सांगते. तुळशीबागेत लेसवाल्याला ब्लाऊजचा तुकडा दाखवला की तो न बघता बरोबर रंगाचं रीळ काढतो. इथे दोऱ्याचा नमुन्याचा तक्ता ठेवलाय, तुम्हीच कापड लावून बघायचं, नंबर लिहून घ्यायचा. चूक होत नाही. पण बोलणंही होत नाही.

आता पिशवीबद्दल, कारण इन्स्टावर फोटो टाकल्यावर खूप जणींनी माप मागितलं. जाड सुती कॅनव्हास घ्या, ४३ सेमी रुंद आणि ६८ लांब असा एकच तुकडा, तळाला घडी येते त्यामुळे तळाला शिवण नाही, वजन आलं तरी उसवत नाही. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेमी आणि वर तोंडाला चार-चार सेमी दुमडायला धरलेत. बंदाला अडीच सेमी रुंदीची सुती पट्टी, आणि ती तोंडाच्या दुमडीत घालून चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारायची, नुसती आडवी मारू नका. अस्तर लावणार असाल तर अस्तर अर्धा सेमी लहान कापा नाहीतर आत फुगतं.

आणि मधे खणाचा पट्टा. खण पातळ, कापला की लगेच दशा सुटायला लागतात, म्हणून कापायच्या आधीच मागून इस्त्रीने चिकटणारं बक्रम लावायचं, तेच जे कॉलरला लावतात. त्याआधी एक तुकडा पाण्यात बुडवून रंग जातो का बघायचा, कारण ही पिशवी दर शनिवारी धुवायचीच असते. काठ फुकट घालवू नका, तो तोंडाशी घ्या. माझ्याकडे आईने रुखवतात दिलेला, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण होता, जांभळा, हिरव्या काठाचा. पहिल्याच दिवशी गेटवर शिक्षिकेने पिशवी हातात घेतली, उलटी करून आतली शिवण बघितली. आतली! आणि मग काठावरून बोट फिरवत विचारलं, हे विणलेलं आहे का छापलेलं. विणलेलं, म्हटलं. त्या दिवशी मी घरापर्यंत तरंगत आले.

पण मला खरंच हलवलं ते पिशव्यांनी नाही. शेजारचा मुलगा पाचवीत आहे, तो एक दिवस शिवणाचा डबा घेऊन चालला होता, डब्यावर आग ओकणारा ड्रॅगन. इथे पाचवी-सहावीत गृहशास्त्र सगळ्यांना, मुलगे-मुली दोघांना. टाके, बटण लावणं, मग मशीनवर ॲप्रन. डबे मुलं स्वतः कॅटलॉगमधून निवडतात आणि ड्रॅगनवाला डबा मुलग्यांमध्ये इतका चालतो की मोठे झालेले लोकसुद्धा त्याची आठवण काढतात. माध्यमिक शाळेतही १९९३ पासून हा विषय मुलगे-मुली दोघांना सक्तीचा, हायस्कूलला १९९४ पासून. त्या शेजारच्या मुलाने स्वतःच्या पँटचं बटण स्वतः लावलं, त्याच्या आईने कौतुक पण केलं नाही, त्यात काय एवढं असं. मी मात्र कितीतरी वेळ त्याच बटणाचा विचार करत होते. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही रुमालावर साखळी टाका घालायचो तेव्हा मुलगे कुठे असायचे? ग्राउंडवर.

आता कोणी म्हणेल आपल्याकडे गल्लीत टेलर आहे, वीस मिनिटात करून देतो, सगळ्यांनी कशाला शिकायचं. बरोबर आहे, आणि फॉल-पिको बाहेर देता येणं हे सुख आहे, इथे साधी पँट आखूड करायला किती पैसे घेतात ते विचारू नका. पण टेलरकडे बोटाचं कौशल्य आहे म्हणून बाकीच्यांना ते नको, हे मला आता पटत नाही.

त्या मुलाच्या आजीनेच मला साशिकोच्या गटात नेलं. वॉर्डच्या हॉलमध्ये जमतात, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. साशिको म्हणजे धावदोराच, पण पद्धत वेगळी. लांब सुई, तळहाताला चामड्याची अंगठी, सुई फारशी हलवायची नाही, कापडच तिच्यावर चुण्या पाडत चढवायचं, मग ओढून दोरा बोटाने सपाट करायचा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मधोमध टाका पडू द्यायचा नाही. कोपऱ्यावर मागच्या बाजूला दोरा थोडा सैल सोडायचा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वरचा लांब, खालचा जरा आखूड. आजींनी माझं कापड हातात घेतलं आणि म्हणाल्या, तू हे आधी केलंयस.

केलंय म्हणजे काय! आमच्याकडे दर उन्हाळ्यात आजी वाकळ घालायची. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर पसरून, चारी बाजूंनी शेजारणी बसायच्या आणि कडेपासून आत आत टाके घेत यायच्या. मी कोपऱ्यातला टाका घातलाय त्यात.

इथे उत्तरेला आओमोरीत, जिथे थंडीमुळे कापूस पिकत नाही, तिथे जुन्या काळी शेतकऱ्यांना सुती कपडे घालायची बंदी होती. मग बायका तागासारख्या जाड्याभरड्या कापडावर सुती दोऱ्याने भरगच्च टाके घालायच्या, वारं आत येऊ नये म्हणून. त्सुगारू भागात कापडाचे धागे विषम मोजायचे, एक-तीन-पाच, त्याला कोगिन म्हणतात, आणि पलीकडच्या नांबू भागात सम. फाटलं की ठिगळ, ठिगळावर ठिगळ, ते बोरो. तानाका चूझाबुरो नावाच्या संशोधकाने ही फाटकी कापडं घरोघरी जाऊन जमवली आणि आसाकुसात २००९ ते २०१९ त्यांचं म्युझियम चालू होतं. आता त्या बोरोला जगभर किंमत आहे, फॅशनवाले त्याची नक्कल करतात.

ते करताहेत ते चांगलंच आहे, मनापासून म्हणते. पण माझ्या आजीची वाकळ त्यापेक्षा कशात कमी होती? तीच गरज, तोच धावदोरा, तेच जुनं कापड. फरक एवढाच की आपण ब्लँकेट आल्यावर वाकळ गाडी पुसायला काढली. मला जपानचं कौतुक ऐकवून आपल्या लोकांना बोल लावायचा नाहीये, मी तसल्या पोस्टींना कंटाळलेय. आणि सगळं जतन जपाननेच केलंय असंही नाही. पण निइगातातल्या तोकामाचीत एका जुन्या शाळेच्या इमारतीत १९८२ पासून मिथिला म्युझियम आहे, तिथे आपली वारली चित्रं आहेत, जिव्या सोमा म्हसे यांची. बर्फाळ डोंगरात. त्यांना पद्मश्री २०११ मध्ये मिळाली. सगळे हिशेब मांडायचे नाहीत म्हटलं तरी हे दोन आकडे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेत.

रंगांचं पण सांगते. आपण सगळे ज्या ऑइल पेस्टलने सूर्योदय आणि झोपडी काढत मोठे झालो ते खडू साकुरा कंपनीने १९२५ मध्ये इथे जपानमध्ये काढले, यामामोतो कानाए नावाच्या चित्रकाराच्या मदतीने. शाळेत मुलांना नमुन्याची नक्कल करायला लावायचे ते त्याला मान्य नव्हतं, मुलांनी स्वतः बघून काढावं म्हणून त्याने चळवळ केली, १९१९ मध्ये मुलांच्या मुक्त चित्रांचं प्रदर्शन भरवलं. आणि आपलं कॅम्लिन, १९३१ पासूनचं दांडेकरांचं, २०११ पासून कोकुयो या जपानी कंपनीकडे आहे. इथे बालवाडीत प्रत्येक खडूवर मुलाचं नाव चिकटवावं लागतं, एकूण एक खडूवर, ते मी रात्री बसून करते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण इथे एकच संपलेला रंग सुटा विकत मिळतो. निळा संपला तर निळाच आणायचा. हे आपल्याकडे सगळ्या दुकानांत व्हायला हवं.

शरद ऋतूत गटाचं प्रदर्शन असतं. मला एका भिंतीची जागा दिलीय, आणि मी साशिको लावणार नाहीये, वाकळ लावणार आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या टाके एकसारखे कर, परीक्षक बघतात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे चार बायका चार बाजूंनी येतात म्हणून चार हातांचे टाके वेगळे दिसणार, ते तसेच राहू देत. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, मग उरलेल्या तीन बाजूंना आम्ही बसतो. गुरुवारी सुरू करतोय. वरच्या थराला माझ्याकडे एकच लुगडं आहे, त्यामुळे दिवाळीच्या आधी पुण्याहून कोणी टोकियोला येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, आईकडून एक पिशवी घेऊन याल का. नवीन साडी नको, पॉलिस्टर तर नकोच. धुवून धुवून मऊ झालेली सुती, काठ फाटला असेल तरी चालेल.