लोटा किती मिलीचा?

धुळ्यात नाईट ड्यूट्या करत एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध लिहायला घेतला. सहा महिन्यांत जेमतेम चार पानं झाली. विषय मनापासून निवडलेला होता: सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांच्या आयांना घरच्या काळजीची किती माहिती आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातली अशी लेकरं मी वर्षानुवर्षं वॉर्डात बघत आले आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर हातापायाच्या दुखण्यानं तळमळतं. अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं, आणि आमच्याकडचा मे महिना तर सगळ्यांना माहीतच आहे. सांगायला इतकं होतं, पण सुट्टीच्या दिवशी ‘आज दहा पानं’ म्हणून बसायचे आणि पहिलंच वाक्य खोडत राहायचे.

त्याच उन्हाळ्यात एका रात्री वॉर्ड भरलेला होता. इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि बाहेर किती आलं याची नोंद, मी पहाटे आठवून भरला. एका मुलापुढे लिहिलं, ‘पाणी भरपूर घेतलं.’ सकाळी पुढच्या ड्यूटीला ओव्हर देताना इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, “भरपूर म्हणजे किती?” मला सांगता येईना. शेजारून त्याची आई म्हणाली, “एकच लोटा पाणी पिना तो, तेबी वकी टाकं.” म्हणजे एकच लोटा प्यायला, तोही ओकून टाकला. माझा घसा कोरडा पडला. लगेच सलाईन सुरू झालं, दुपारपर्यंत मूल सावरलं.

त्या दिवसापासून चार्ट पलंगापाशीच, त्याच मिनिटाला भरायचा हे पक्कं केलं. आठवडाभरानं लक्षात आलं, प्रबंधाचंही दुखणं हेच आहे. मी सगळं नंतरसाठी साठवत होते. मग एक दोनशे पानी वही केली. ड्यूटी संपली की युनिफॉर्म बदलण्याआधी वीस मिनिटं लिहायचं. वेळ, काय पाहिलं, आई काय म्हणाली. तिचे शब्द अहिराणीत असतील तर अहिराणीतच. पेशंटचं नाव वहीत कधीच नाही, फक्त माझा सांकेतिक नंबर. इंग्रजी नंतर, सुट्टीच्या दिवशी. आधी इंग्रजीत विचार करायला जायचे, तिथंच गाडं अडायचं. नाईटनंतर डोळे मिटत असायचे, काही दिवशी दोनच ओळी झाल्या, पण वही कोरी ठेवली नाही.

चार महिन्यांत वही भरली आणि तिच्यातूनच प्रश्नावली निघाली. आया पाणी लोट्यानंच मोजतात, म्हणून मी विचारलं, ‘मूल दिवसाला किती लोटे पाणी पितं?’ मसुदा परत आला तेव्हा त्या प्रश्नाशेजारी गाईड मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘लोटा किती मिलीचा?’

पुढच्या भेटीपासून पिशवीत मोजपात्र ठेवलं. प्रत्येक आईच्या हातचा लोटा भरून घेतला आणि मोजला. कुणाचा पाचशे, कुणाचा साडेसातशे. प्रश्नावलीत एक रकाना वाढवला.