म्पुंगा, म्चेले, वाली: झांझिबारच्या स्वयंपाकघरात

झांझिबारला येणारे बहुतेक पाहुणे 'जांबो' आणि 'आसांते' एवढ्या भांडवलावर परत जातात. मला स्वाहिली शिकायची होती, आणि ती स्वयंपाकघरातच शिकायची असं ठरवून मी स्टोन टाउनमध्ये, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागात, एका कुटुंबाकडे खोली घेतली. भाषा शिकायला याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. वस्तू हातात असते, कृती डोळ्यांसमोर चाललेली असते आणि बोलणं सगळं आज्ञार्थी. स्वाहिलीत आज्ञार्थ म्हणजे नुसतं क्रियापदाचं मूळ रूप. काटा म्हणजे काप, मेन्या म्हणजे सोल, ओशा म्हणजे धू, कोरोगा म्हणजे ढवळ. लिंगभेदाची कटकट नाही.

घरच्या आजींना सगळी गल्ली 'बीबी' म्हणते. सकाळी त्यांच्यासमोर गेलं की आधी 'शिकामो' म्हणायचं, हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. त्यांनी 'माराहाबा' म्हटलं की मगच कामाचं बोलायचं. त्यांच्या सुनेला मी 'दादा' म्हणते, कारण इथे दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. मराठी जिभेला हे वळण पडायला जरा वेळ लागतो.

बाजारहाट दाराजानीला. १९०४ सालची ही मंडई, आणि भाजी वाट्यावर मिळते. टोमॅटोचा, मिरच्यांचा रचलेला वाटा म्हणजे 'फुंगू'. 'बेई गानी?' असा भाव विचारायचा, 'पुंगुझा' म्हणून कमी करायला लावायचा. अनेकवचनंही मी इथेच शिकले. एक कांदा किटुंगू, पुष्कळ कांदे विटुंगू. सुरी किसू, सुऱ्या विसू. चमचा किजिको, चमचे विजिको. पुस्तकातलं कोष्टक पाठ करायला मी कंटाळले होते. पिशवीत कांदे भरताना ते आपोआप तोंडात बसलं.

मसाल्याच्या दुकानात वेलदोड्याला इलिकी, दालचिनीला म्दालासिनी, आल्याला तांगाविझी. लवंग मात्र काराफू. या लवंगेनं बेटाचं एकोणिसावं शतक घडवलं. ओमानी सुलतानांच्या काळात बागा वाढल्या आणि त्यांत गुलाम राबले. गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १८९७ साली. मूठभर काराफू विकत घेताना हे आठवत राहतं, आणि आठवायलाच हवं.

खरी शाळा भरते नारळावर. कोकणातल्या माणसाला इथे लगेच घरचं वाटेल, कारण नारळाच्या वयाप्रमाणे इथेही नावं बदलतात. शहाळं ते दाफू, अडसर ते कोरोमा, पिकलेला नारळ नाझी. करवंटीला किफू म्हणतात, आणि करवंटीला दांडा लावून केलेल्या डावाला उपावा. खवणीला म्हणतात म्बुझी, म्हणजे शेळी. ठेंगणं, घडीचं लाकडी आसन, पुढे दातेरी लोखंडी जीभ. बीबी त्यावर अंमळ तिरक्या बसतात आणि अर्धा नारळ मनगटानं फिरवत राहतात. कीस खालच्या ताटात पांढरा, एकसारखा पडतो. 'कुना', त्या म्हणतात. खव. पाठची काळपट साल कीसात आली की हात लगेच थांबतो.

मग कीस कोमट पाण्यात चुरायचा आणि किफुंबूत, म्हणजे विणलेल्या लांबट पिशवीत, भरून पिळायचा. 'कामुआ' म्हणजे पिळ, 'चूजा' म्हणजे गाळ. निघतो तो रस तुई. पहिला दाट तो तुई झिटो, दुसऱ्या पाण्याचा पातळ तो तुई जेपेसी. उरलेला चोथा माचिचा.

तांदळाचं तर आपल्यासारखंच आहे. शेतात असतं ते म्पुंगा, कोठीत असतात ते म्चेले, ताटात येतो तो वाली. मराठीत आपण 'ते भात' आणि 'तो भात' असा फरक करतो, मध्ये तांदूळ. इंग्रजीतून स्वाहिली शिकणाऱ्याला इथे तीन शब्द नव्याने शिकावे लागतात, आपल्याला फक्त नावं बदलायची. सुपाला उंगो, पाखडायला पेपेटा. उखळ म्हणजे किनू, मुसळ म्हणजे म्ची, कांडायचं ते ट्वांगा.

वाली वा नाझी, म्हणजे नारळाच्या रसातला भात, शिजवताना आधी पातळ तुई, चुम्वी म्हणजे मीठ, मग धुतलेले तांदूळ. पाणी आटत आलं की दाट तुई. इथे माझा हात म्विकोकडे, लाकडी पळीकडे गेला, तोच बीबी म्हणाल्या, 'उसिकोरोगे!' ढवळू नकोस. आधी 'उसि' लागला आणि शेवटच्या 'आ'चा 'ए' झाला. नकारार्थी आज्ञार्थाचं सगळं व्याकरण त्या एका शब्दात होतं. मग सुफुरियावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण ठेवून वर निखारे घातले. त्याला म्हणायचं पालिया.

सून एकीकडे काचुंबारी करत होती. कांदा, टोमॅटो, मिरची, लिंबू. हा शब्द, चपाती, आचारी म्हणजे लोणचं, तायारी म्हणजे तयार, बासी म्हणजे बस, हे सगळे समुद्रापलीकडून आलेले पाहुणे आता इथलेच झालेत.

बीबींनी झाकण उचललं, एक शीत बोटांत दाबलं. 'उमेइवा.' शिजला. मग 'पाकुआ', वाढ. मोठ्या ताटात, सिनियात, भात आला आणि सगळे चटईवर भोवती बसले.

आता पुढचा धडा समाकी वा कुपाकाचा, म्हणजे नारळाच्या रसाचा लेप देऊन निखाऱ्यावर भाजलेला मासा. त्याआधी बीबींनी मला दाराजानीला मासळीच्या म्नाडाला, लिलावाला, सकाळी लवकर जायला सांगितलंय. आकडे तिथे भराभर कानावर पडतात, आणि माझे वीसच्या पुढचे अजून कच्चे आहेत.