गँट्रीचा लॉग, भाग ४: मॉडेल म्हणतं २१४, हातोडी म्हणते १३७

मंडळी, मागच्या लॉगनंतर दीड महिना गायब होतो कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं, नुसती ठोकाठोकी चालू होती (घरातल्यांचा शब्द, माझा नाही). आता जरा उजेड पडलाय म्हणून लिहितोय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन मशीन सांगतो. घरी बनवलेला सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरवरून चालणारं लाकूड कोरायचं मशीन), बेड ७०० बाय ५०० मिमी, गँट्रीला (बेडवरून पुढेमागे सरकणारी कमान) ४०-८० ची ॲल्युमिनियम प्रोफाइल, दोन्ही बाजूला १२ मिमीच्या ॲल्युमिनियमच्याच साइड प्लेटा (कोल्हापुरात उद्यमनगरातून कापून आणल्या), १५ च्या लिनिअर रेल (त्यांच्यावर बॉल्सवर सरकणारे ठोकळे म्हणजे कॅरेज), आणि ८०० वॅटचा पाण्याने थंड होणारा स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर), जो झेड प्लेट आणि क्लॅम्प धरून पाचेक किलो भरतो आणि प्रोफाइलच्या पुढे लोंबकळत असतो. तक्रार अशी की सागवानावर नाव कोरताना काही स्पीडला अक्षराच्या कडेला बारीक लाटा उठायच्या, नख फिरवलं की कर्रकर्र लागायचं, आणि स्पीड थोडा वरखाली केला की गायब. तेव्हा वहीत मागच्या पानावर पेन्सिलीने "१३५-१४० ला नको" असं लिहून ठेवलं होतं, आणि लिहून विसरलो. या वहीकडे परत येतो.

मग डोक्यात आलं की फ्रीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मोडल ॲनालिसिस करून बघू. म्हणजे बाहेरून काही जोर लावायचा नाही, फक्त स्ट्रक्चरचा कडकपणा आणि वजन यावरून ते स्वतःहून कुठल्या कुठल्या फ्रिक्वेन्सीला आणि कुठल्या आकारात हलणार ते काढायचं (अशी एक फ्रिक्वेन्सी आणि तिचा आकार म्हणजे एक मोड). आतला सॉल्व्हर कॅलक्युलिक्स, फुकट आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरपण चालतो.

डायरेक्ट गँट्रीवर न जाता आधी स्टीलची फूटपट्टी घेतली, कारण तिचं उत्तर हाताने काढता येतं. १ मिमी जाड, टेबलाला सी क्लॅम्पने धरून २५० मिमी बाहेर काढली की पहिली फ्रिक्वेन्सी साधारण १३ हर्ट्झ यायला पाहिजे, दुसरी त्याच्या सव्वासहापट म्हणजे ८२ च्या आसपास. माझ्या मॉडेलमध्ये पहिल्या झटक्यात आली ४१! अर्धा दिवस गेला. कारण मी मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे) चार नोडच्या, म्हणजे चार बिंदूंच्या, टेट एलिमेंटचा ठेवला होता, ते वाकण्यात फार ताठर वागतात, पातळ पट्टीला तर अजिबात चालत नाहीत. दहा नोडचे केले आणि १३.१. मग शहाणपणा करून इनपुट फाइल हाताने एडिट केली, त्यात डेन्सिटी टनाऐवजी किलोत टाकली, आणि फ्रिक्वेन्सी ०.४ वर आली. मिलिमीटर आणि मेगापास्कल वापरत असाल तर डेन्सिटी टन प्रति घन मिमी पाहिजे, स्टीलला ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. हजारपट चूक झाली की वर्गमुळामुळे उत्तर ३१.६ पट चुकतं, हा आकडा लक्षात ठेवा, असं उत्तर दिसलं की सरळ युनिट तपासायला जा.

पट्टीवरून अजून एक गंमत कळली. त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली तरी फ्रिक्वेन्सी जवळजवळ तीच येते, कारण स्टील तिप्पट कडक पण तिप्पट जडही, भागाकार सारखाच. ही गोष्ट पुढे कामाला येते.

आता गँट्री. सगळे पार्ट एकमेकांना चिकटवलेले, चारही कॅरेजचा तळ फिक्स, स्पिंडलच्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा. पहिला मोड २१४ हर्ट्झ. रिझल्टमध्ये डिस्प्लेसमेंट १९ मिमी बघून घाबरलोच, म्हटलं मशीन आहे की झोपाळा! तर त्या मिलिमीटरला काही अर्थ नसतो, मोडचा आकार तेवढा खरा, माप सॉल्व्हर आपल्या सोयीने ठरवतो. किती हलेल हे या ॲनालिसिसमधून कळतच नाही, त्याला डॅम्पिंग (हेलकावे किती लवकर विरतात ते) आणि जोर दोन्ही लागतात.

मग खरं मशीन ठोकून बघायचं. फोन स्पिंडलला टेपने बांधला, रबरी हातोडीने टक केलं, ॲपमध्ये ६३ हर्ट्झला मोठं शिखर आणि ४ हर्ट्झला एक बारकंसं. कुठे २१४ आणि कुठे ६३. चार दिवस मी बोल्ट आवळत बसलो, ६३ चे ६३ च! ४ वालं तर मला वाटलं माझाच हात लागत असेल.

मग लक्षात आलं की माझ्या फोनचा सेन्सर सेकंदाला २०० च रीडिंग देतो, म्हणजे १०० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसूच शकत नाही, वरचं सगळं घडी पडून खाली उतरतं. एडीएक्सएल३४५ या कंपन मोजणाऱ्या सेन्सरचा छोटा बोर्ड मागवला (थ्रीडी प्रिंटरवाल्यांना माहीत असेल, रेझोनन्स, म्हणजे स्वतःच्या फ्रिक्वेन्सीला जोरात थरथरणं, मोजायला तोच लावतात), ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला एसपीआय ने जोडला, कारण आयटूसी (जोडणीची दुसरी पद्धत) वर सेकंदाला ८०० रीडिंगच्या पुढे जात नाही आणि एसपीआय वर ३२०० मिळतात. बोर्ड स्पिंडलच्या नाकाशी फेविक्विकने चिकटवला, टेप नाही, टेपचा स्वतःचा लवचिकपणा मध्ये येतो. टक. शिखरं १३७ आणि १९६ ला. दोनशेतून १३७ वजा करा, ६३. दोनशेतून १९६ वजा करा, ४. फोन खोटं बोलत नव्हता बिचारा, आरशातलं दाखवत होता.

आणि मग वही आठवली. माझा स्पिंडल २४००० आरपीएमला व्हीएफडीवर (स्पिंडलचा स्पीड ठरवणारा ड्राइव्ह) ४०० हर्ट्झ दाखवतो, म्हणजे व्हीएफडीवरचा आकडा म्हणजेच सेकंदाला किती फेऱ्या (मोटर थोडी मागे पडते ती स्लिप सोडली तर). "१३५-१४० ला नको" हे मी आरपीएम नाही, व्हीएफडीचे हर्ट्झ लिहिले होते! दरवेळी ८२०० आरपीएमच्या आसपास गेलं की स्पिंडलचा थोडासा अनबॅलन्स गँट्रीच्या पहिल्या मोडवर बरोब्बर बसायचा. दीड महिना ज्यासाठी मेश करत बसलो तो आकडा पेन्सिलीने लिहिलेला माझ्याकडेच पडून होता. (याला चॅटर म्हणू नका, चॅटर टूल आणि जॉब मिळून स्वतःच पेटवतात, त्याचं गणित वेगळं. हे साधं बाहेरून हलवलेलं आहे.)

मग मॉडेल करून काय मिळालं? मिळालं ते आकारातून. कडकपणा फ्रिक्वेन्सीच्या वर्गात जातो, म्हणजे १३७ भागिले २१४ चा वर्ग केला की खरी गँट्री माझ्या मॉडेलच्या ४१ टक्केच कडक. सगळा ढिलेपणा जोडांमध्ये आणि कॅरेजच्या बॉल्समध्ये, जिथे मी मॉडेलमध्ये सगळं एकजीव धरलं होतं. कॅरेजच्या जागी स्टीलऐवजी मऊ मटेरियल दिलं आणि कमी कमी करत ९०० मेगापास्कलला आणलं तेव्हा पहिला मोड १३८ झाला. आता तुम्ही म्हणाल आकडा जुळवून घेतलास, त्यात काय. बरोबर आहे, म्हणूनच दुसरा मोड बघितला, त्याला हात लावला नव्हता, मॉडेल २०३ म्हणालं आणि ठोकून आले १९६. एवढं पुरे माझ्यासाठी.

या सुधारलेल्या मॉडेलमध्ये पहिल्या मोडचं ॲनिमेशन लावलं तर प्रोफाइल जवळपास वाकतच नाही. अख्खी गँट्री कॅरेजवर पुढेमागे मान डोलावते, नंदीबैलासारखी, आणि स्पिंडलचं टोक सगळ्यात जास्त. खात्री करायला सेन्सर तीन ठिकाणी हलवून ठोकलं, नाकाशी जास्तीत जास्त, वर जाताना कमी होत होत कॅरेजपाशी जवळपास काही नाही. म्हणजे मी जी ८०-८० ची जाड प्रोफाइल घ्यायच्या तयारीत होतो (कार्टमध्ये टाकलीपण होती) तिचा काडीचा उपयोग झाला नसता.

एका मित्राचा आग्रह होता साइड प्लेटा स्टीलच्या कर म्हणून. मॉडेलमध्ये करून बघितलं, १३८ चे १४६, आणि वजन साडेचार किलोने वाढतं. पट्टीसारखा अगदी शून्य फायदा नाही, कारण स्पिंडलचं वजन प्लेट बदलून बदलत नाही, पण अडचण प्लेटमध्ये नव्हतीच.

खरा उपाय फुकटातला निघाला. प्रत्येक बाजूच्या दोन कॅरेजमधलं अंतर ६० मिमी होतं, ते ११० केलं. डोलण्याला होणारा विरोध या अंतराच्या वर्गात वाढतो, म्हणजे तिपटीपेक्षा जास्त. सगळा कडकपणा काही तेवढा वाढत नाही, बाकीचे जोड आहेतच ओळीत उभे. मॉडेल म्हणालं १७८. प्लेटांना नवीन भोकं पाडली, एक भोक अर्ध्या मिमीने चुकलं, गोल कानसीने ओढून घेतलं, कुणी बघायला नाहीये. परत फेविक्विक, परत टक. १७१. म्हणजे कडकपणा दीडपटीच्या वर गेला. किंमत अशी की वाय अक्षाचा प्रवास ५० मिमीने कमी झाला, नेमप्लेटच्या कामाला चालतंय मला.

डॅम्पिंगपण मोजलं, सिग्नल अर्धा व्हायला ७ हेलकावे लागले, म्हणजे डॅम्पिंग रेशो १.६ टक्क्यांच्या आसपास. बरोबर रेझोनन्सवर सापडलं तर तोच जोर एरवीपेक्षा तीसेकपट हलवणार. त्यामुळे लाटा गेल्या नाहीयेत, त्यांनी घर बदललंय, आता १०२०० आरपीएमला येतात. रविवारी मुद्दाम व्हीएफडी १७१ वर ठेवून सागवानाचा तुकडा कापला, तीच कर्रकर्र. १९० वर नेला, गुळगुळीत.

व्हीएफडीच्या मेन्यूत जंप फ्रिक्वेन्सी नावाचं सेटिंग असतं, ठरावीक पट्टा वगळून पुढे उडी मारायचं, मी आजवर त्याला हात लावला नव्हता. १६५ ते १७७ टाकून ठेवलंय. पुढच्या वेळी प्रोफाइलच्या पोकळीत इपॉक्सी आणि वाळू भरून डॅम्पिंग किती वाढतं ते बघणार आहे, कोणी आधी भरलं असेल तर कुठली वाळू घेतली ते सांगा, आमच्याकडे नदीची मिळते ती फार ओली असते.