जमाखर्चाचं वाचन

आमच्या सायकल शर्यत मंडळाची वार्षिक सभा कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. इतिवृत्त कायम करणं, हिशेबतपासनिसाची नेमणूक वगैरे पाच मिनिटांत उरकतं. तेही गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून तिथंच पुन्हा सुरू केल्यावर. पन्हाळ्याच्या शर्यतीला पहाटे नंबर घ्यायला रांग लावणारी पोरं या दिवशी फिरकत नाहीत, हे मनाला लागतं.

मी जातो जमाखर्चासाठी. आमचे जुने खजिनदार काका उभं राहून एकेक पावती वाचायचे. जाहिरातदाराचे पाच हजार असोत की पंक्चरवाल्या मामांचे एकवीस, आवाज तोच. वाघबिळाच्या चढावर कळशी घेऊन उभ्या राहणाऱ्या आजींची नोंद ‘वस्तुरूप देणगी, पाणी’ अशी असायची, रकमेच्या रकान्यात रेघ. तिथं माझा घसा दाटायचा. आता वाचन माझ्याकडे आलंय, तरी दाटतोच.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ पाण्याखाली गेला, शर्यत रद्द झाली. प्रवेश शुल्क जमा होतं, साल कोरलेली पदकंही आली होती. पैसे पूरग्रस्तांना द्यावेत असं सगळ्यांच्याच मनात होतं. काका म्हणाले, “पैसे शर्यतीसाठी घेतलेत. देणाऱ्याला विचारल्याशिवाय एक रुपया हलायचा न्हाई.” आम्ही दोघांनी यादी घेऊन प्रत्येकाला फोन केला. एकानंही परत मागितले नाहीत. पुढच्या सभेत पूरग्रस्तांना दिलेल्या पैशांची ओळ वाचताना काकांनी चष्मा काढून पुसला.

2020 ला करोना. शर्यत नाही म्हणजे शुल्क नाही, पण लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावाच लागतो. ठेवीच्या व्याजावर वर्ष काढलं. पदकांवर साल कोरणं आम्ही तेव्हापासून बंद केलं.

शेवटी आभाराची नावं. सभेच्या दिवशी हॉल उघडणारे शिपाईमामा, इतिवृत्त लिहिणाऱ्या ताई, मिसळीचा कट घरून पाठवणाऱ्या वहिनी, शर्यतीला फुकट रुग्णवाहिका आणणारा चालक, घड्याळ सांभाळणारे दोघे निवृत्त शिक्षक, फी न घेणारे हिशेबतपासनीस. केळी देणारे मार्केट यार्डातले दादा. आणि हो, मागं राहिलेल्यांच्या सायकली टेम्पोत घालून आणणारा पोरगा. गेल्या सभेत त्याचं नाव घ्यायचं राहिलं होतं, यंदा पहिलं घेतलं.